पालथी नाव

बैल पसंत पडला की त्याच्याबद्दल वाईट बोलायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नाही. बोरी अरबच्या बाजारात जनावरांमधून हिंडता हिंडता ते आपोआप अंगात आलं. जनावर मनात भरलं की आधी चेहरा पाडायचा. दात पाहून ‘उतरला बाप्पा हा’ म्हणायचं, खुरांकडे बघून मान हलवायची, पाठीवर थाप मारून हात असा झटकायचा की जणू धूळच लागली. विकणाराही कच्चा नसतो. तो तितक्याच जोरात त्याच बैलाचं कौतुक मांडतो. दोघांनाही ठाऊक असतं की हे सगळं भावासाठी चाललं आहे. सौदा झाला की दोघं एका बाकावर बसून चहा पितात, आणि घेणारा घरी पोचेपर्यंत दहा जणांना सांगतो की असा बैल अख्ख्या तालुक्यात नाही. याला आमच्याकडे कोणी खोटं बोलणं म्हणत नाही. मागच्या दिवाळीपर्यंत मीही म्हणत नव्हतो.

आमचं अर्धं शेत अरुणावतीच्या पाण्यापलीकडे आहे. धरण झालं तेव्हा शेत वाचलं, पण शेताकडे जाणारी पांदण बुडाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळातून बैलगाडी कशीबशी जाते. एरवी शेत समोर दिसतं, तिकडून कोणी हाक मारली तर ऐकू येते, आणि जायचं म्हटलं तर पार धरणाच्या भिंतीला वळसा घालून जावं लागतं. मोटारसायकलवर मी जाईन, पण वेचणाऱ्या बाया कशा नेऊ आणि कापसाची गाठोडी कशी आणू? दोन वर्षं झाडावर फुटलेला कापूस इकडच्या काठावर उभं राहून पाहिला. दव पडून तो पिवळा पडायला लागला की बायको पाण्याकडे पाठ करून बसायची. तिसऱ्या वर्षी तिने दसऱ्यालाच बजावलं, ‘‘काही करा, पन नाव आना.’’

नवी फायबरची नाव आमच्या आवाक्यात नव्हती. मग कळलं की काठावरच्या पुढच्या गावात एक म्हातारा त्याची लाकडी नाव विकतो आहे. आयुष्यभर त्याने मासे धरले होते. बायको वारली होती, मुलगा पुण्याकडे कंपनीत होता. एका डोळ्याचं ऑपरेशन फसलेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत चाललेला. जाळं टाकणं त्याने कधीच सोडलं होतं. पण गावातल्या वेचणाऱ्या बायांना तो सकाळी पलीकडे सोडायचा आणि दिवस मावळता परत आणायचा. पाणी त्याच्या हाताला पाठ होतं, त्यासाठी डोळे लागत नव्हते. याचा मोबदला तो घेत नसे. कोणी भाकरी द्यायची, कोणी शेंगा, कोणी आंबाडीची भाजी. आता खांदे दुखायला लागले म्हणून नाव विकायची होती.

फोनवर त्याने एकच अट सांगितली. ‘‘नाव तुमी घ्या भाऊ, पन सकाळी या बायाइले तेवढं सोडत जाजा.’’

मला तर वेचणाऱ्या बाया हव्याच होत्या. मी म्हटलं, ‘‘तुमी कायची काळजी करता मामा.’’

जाण्याआधी मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. जुनी बोट घेताना तिचं बूड कसं तपासायचं, असा. त्यातला माणूस कुठल्याशा समुद्रकाठी एका पांढऱ्याशुभ्र बोटीच्या पोटावर छोट्या हातोडीने टकटक करत कान देऊन ऐकत होता. भाषा मला समजली नाही, पण हातोडी समजली. पिशवीत हातोडी टाकली, पेचकस टाकला, आणि एखाद्या इंजिनियरच्या ऐटीत निघालो.

नाव काठावर दोन ओंडक्यांवर पालथी घालून ठेवली होती. बुडाला डांबराचा जाड थर होता. म्हातारा शेजारी दगडावर बसला होता. मी आलो तसा उठला, आणि नावेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, ‘‘पाहा. सारी पाहा.’’

मी खरोखर सगळी पाहिली. एवढं मात्र मी प्रामाणिकपणे केलं, आणि त्याचंच आता सगळ्यात वाईट वाटतं. आधी डोळ्यांनी एकेक सांधा पाहिला. मग पेचकसाचं टोक डांबरातून लाकडात दाबत गेलो. जाड सागवानाच्या फळ्या होत्या, टोक गव्हाच्या दाण्याएवढंही आत जात नव्हतं. मग हातोडीने ठोकत गेलो. सगळीकडून भरीव, कडक आवाज आला. फक्त मागच्या टोकाजवळ, तळहाताएवढ्या जागेत, आवाज जरा बसका होता. तिथे पेचकस थोडा रुतला. एक तुकडा काढून नवा बसवला, चिंध्या ठासून वर डांबर मारलं की झालं, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. शेवटी काठावरच्या दोघांना बोलावून नाव सुलटी केली आणि आत बादल्यांनी पाणी ओतलं. बाहेर कुठून पाझरतं का ते पाहत आम्ही चांगला वेळ थांबलो. त्या बसक्या जागेखाली एक बारीक ओल आली, बाकी सगळं कोरडं. पाणी ओतून देऊन नाव पुन्हा पालथी घातली आणि मदतीला आलेले दोघं आपल्या कामाला निघून गेले. मनातल्या मनात मी तेव्हाच नारळ फोडला होता.

आणि नाव मनात भरली, म्हणून चेहरा पाडला.

‘‘मामा, हिचं काही खरं नाही,’’ मी म्हणालो.

‘‘काहून भाऊ?’’

‘‘सडली ही. बूड गेलं हिचं.’’

आता तो उसळेल, असं मला वाटलं. काय बोलून राह्यले, सागवान हाय, माझ्या बापाच्या हातची हाय, असं काहीतरी. मग मी थोडा वर येईन, तो थोडा खाली, आणि आमचं जमेल. पण तो काहीच बोलला नाही. बाजारात विकणारा गप्प राहिला तर त्याचा अर्थ एकच असतो, गडी भावाला चिकटून बसलाय, अजून दाबावं लागेल. मी अजून दाबलं.

‘‘कुठं?’’ त्याने जवळ येत विचारलं. मी त्याचा हात धरून त्या बसक्या जागेवर नेला आणि पेचकस रुतवून दाखवला. ‘‘इथून,’’ मी म्हणालो, आणि त्याचा हात तसाच धरून पार पुढच्या टोकापर्यंत ओढत नेला, ‘‘ते इथपर्यंत. वरून डांबर दिसते, आतून भुगा झाला.’’

त्याची बोटं डांबरावरून फिरत राहिली. डांबराखालचं बोटांना काय कळणार?

‘‘मले आता दिसत नाही भाऊ,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी खरं सांगता?’’

इथे मला थांबता आलं असतं. बाजारात हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यानेच मला जाग यायला हवी होती. पण मी त्या खेळात इतका रंगलो होतो की हाही एक डावच वाटला.

‘‘मंग? तुमच्या समोर ठोकून पाह्यली ना. अन् हिच्यात तुमी बाया बसवता? मधात फळी सुटली तं काय कराल?’’

तो पुन्हा दगडावर बसला. मला वाटलं, आला आता खाली. बाजाराचा पुढचा नियम असा की अशा वेळी निघून जायचं. गिऱ्हाईक हातचं गेलं या विचाराने विकणारा दोन-चार दिवसांत मऊ होतो. मी हातोडी पिशवीत टाकली. ‘‘विचार करा मामा, येतो मी,’’ म्हटलं आणि मोटारसायकलला किक मारली. वाटेत शीळ घालत आलो. ती शीळ मला अजून आठवते, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

घरी बायकोने दारातच विचारलं, ‘‘कशी हाय?’’

‘‘सोन्यासारखी.’’

‘‘अन् त्याइले काय सांगतलं?’’

‘‘भंगार.’’

आम्ही दोघं पोट धरून हसलो. हेही लिहून ठेवतो, नाहीतर मी एकटाच असा असं वाटेल. ती माझी बायको आहे आणि कापूसवाल्याच्या घरात वाढलेली आहे, तिलाही हा खेळ उपजत कळतो. ती लगेच तयारीला लागली. नाव म्हणजे बाईमाणूस, पहिल्यांदा आपली होणार, तर ओटी भरायला हवी, असं तिचं म्हणणं. तांदूळ, नारळ, हळदी-कुंकू आणि एक हिरवा ब्लाउजपीस तिने एका रुमालात बांधून ठेवला. आजूबाजूच्या बायांना सांगूनही आली की यंदा पलीकडचा कापूस आपण वेळेत आणणार.

एक बाजार जाऊ दिला आणि मी गेलो. त्याने मागितला होता तो पूर्ण भाव द्यायची तयारी ठेवली होती, थोडा तोरा दाखवून. काठावर दोन ओंडके होते, नाव नव्हती. आधी मला रागच आला. म्हटलं, म्हाताऱ्याने दुसऱ्याला विकली, शब्दाला काही किंमत आहे की नाही! तणतणत त्याच्या घराकडे गेलो.

घराच्या भिंतीला फळ्या लावून ठेवल्या होत्या. डांबर लागलेल्या, वाकलेल्या. म्हातारा अंगणात बसून पकडीने त्यांतले खिळे उपसत होता आणि एका डब्यात टाकत होता. माझ्या पावलांची चाहूल लागली तसं त्याने मान वर केली. ‘‘मामा,’’ म्हटल्यावर आवाज ओळखला.

‘‘या भाऊ, बसा,’’ तो म्हणाला, आणि हात जोडले. ‘‘लय उपकार केले तुमी. तुमी नसतं सांगतलं तं मी अजून त्या बायाइले तिच्यात नेऊन राह्यलो असतो.’’

मी बसलो नाही.

तो सांगत राहिला. मी गेलो त्याच दिवशी त्याने शेजाऱ्याला कुऱ्हाड आणि सब्बल घेऊन बोलावलं होतं. नाव काठावर राहिली असती तर कोणी ना कोणी तिच्यात बसलंच असतं, लोक ऐकत नाहीत, म्हणून तोडून टाकली. ‘‘शेजारी म्हने, बाबा, कुऱ्हाड उसळून राह्यली, लाकूड कडक हाय. मी म्हटलं, वरून कडक, आतून भुगा. भाऊनं पाह्यलं.’’

मग तो घरोघर गेला होता. जिला जिला त्याने त्या नावेतून नेलं होतं, तिच्या तिच्या दारात उभा राहून त्याने माफी मागितली होती. ‘‘मले पोहता येते भाऊ. त्याइले नाही येत. एकीले पोटुशी असताना नेलं मी. रात्री डोये मिटले का त्या बुडताना दिसतात.’’

हे ऐकलं नसतं तर मी कदाचित गप्प बसलो असतो. खोटं कशाला सांगू, तो विचार मनात येऊन गेला होता. नाव तर गेलीच आहे, आता खरं सांगून म्हाताऱ्याला दुःख कशाला द्यायचं, असं स्वतःला समजावायला माणसाला कितीसा वेळ लागतो? पण ज्याने आयुष्यात कोणाचा पाय ओला होऊ दिला नाही, तो माणूस माझ्यामुळे गुन्हेगारासारखा दारोदार हात जोडत फिरला होता. ते तसंच ठेवून मला घरी जाता येत नव्हतं.

‘‘मामा, नाव चांगली होती,’’ मी म्हणालो.

‘‘हं?’’

‘‘चांगली होती. तळहाताएवढा एक तुकडा खराब होता, बाकी सारी भरीव. भुगा-बिगा काही नव्हता. मी तसंच बोललो.’’

‘‘तसंच म्हंजे?’’

मग मी त्याला बैलबाजार सांगू लागलो. घेणारा खोड काढतो, विकणारा कौतुक करतो, तसं मी बोललो, तुम्ही उलट बोलाल असं वाटलं, भाव थोडा उतरावा एवढंच मनात होतं. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं. जे बोलणं मला इतकं साधं, इतकं सगळ्यांना माहीत असलेलं वाटायचं, ते त्या अंगणात, त्या फळ्यांसमोर, कुठून सुरू करावं तेच कळेना.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘म्या कधी बैल घेतला नाही भाऊ.’’

भिंतीजवळची एक फळी त्याने मांडीवर ओढली. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. आता डांबर मधे नव्हतं, नुसतं लाकूड होतं. नखाने खरवडून पाहिलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला. जुन्या सागाचाही वास येतो, तो त्याला आलाच असणार. त्याचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी डब्यातल्या खिळ्यांकडे पाहत उभा राहिलो.

‘‘नावेचे पुरे पैसे देतो मामा,’’ मी म्हणालो.

‘‘कोनत्या नावेचे?’’

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं की मी कशाचे पैसे देणार. त्याने मला शिव्या द्याव्यात, ती फळी माझ्या डोक्यात घालावी, असं मला मनापासून वाटत होतं. शिवी खाल्ली असती तर थोडं हलकं वाटलं असतं. पण तो माझ्यावर ओरडला नाही. त्याने फळी पुन्हा भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाला, ‘‘मी साऱ्याइच्या दारी जाऊन आलो. आता पुन्हा मले जाववत नाही. तुमी सांगा त्याइले.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘हेच, का नाव चांगली होती. मी त्याइले मरनात घेऊन नव्हतो फिरत.’’

बायकोने बांधून दिलेली ओटी माझ्या पिशवीत होती. पिशवी छातीशी धरून मी त्या गावात घरोघर फिरलो. संध्याकाळ होत आली होती, बाया वावरातून परतत होत्या. पहिल्या घरी मी सांगितलं तर बाई हसली, तिला वाटलं नाव तुटल्यावर हा कोण वेडा ती चांगली होती म्हणून सांगत आलाय. दुसऱ्या घरी बाईच्या नवऱ्याने मला नाव-गाव विचारलं आणि मग जे बोलायचं ते बोलला. मी मान खाली घालून ऐकलं, ते बरं वाटलं. तिसऱ्या घरी कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. तेही बरंच.

शेवटचं घर गावाच्या टोकाला होतं. तिथली बाई नुकतीच आली होती, ओसरीच्या कडेला बसून पायांवर पाणी ओतत होती. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एव्हाना मला ते पाठ झालं होतं, आणि पाठ झालं याचीही लाज वाटत होती.

ती शांतपणे पाय धूत राहिली. मग म्हणाली, ‘‘आमाले माहीत होतं.’’

‘‘काय?’’

‘‘नाव चांगली हाय म्हून. आमीच बसत होतो ना तिच्यात. कधी पाय ओला नाही झाला.’’ तिने लोटा खाली ठेवला. ‘‘बाबा माफी मांगाले आले तई मी म्हटलं त्याइले, बाबा, नावेले काही नाही झालं, कायले रडता. तं म्हने, नाही बाई, घेनाऱ्यानं सोता पाह्यली. मी म्हटलं, घेनारा खोटं बोलला असन. तं मलेच रागावले. म्हने, ज्याले घ्याची हाय तो कायले खोटं बोलन?’’

मी आता तिच्याही शिव्यांची वाट पाहत होतो. ती मला खालपासून वरपर्यंत बघत होती, पण रागाने नाही. काहीतरी हिशेब लावत असावी तशी.

‘‘मंग आता कशात जाचं आमी?’’ तिने विचारलं. ‘‘कापूस तं फुटला सारा.’’

‘‘रस्त्यानं,’’ मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

‘‘रस्त्यानं,’’ ती म्हणाली. तिच्या त्या धुतलेल्या पायांकडे माझी नजर गेली आणि लक्षात आलं, त्या बाया रस्त्याने चालत जायला केव्हाच लागल्या होत्या. तिला फक्त विचारायचं होतं की हे किती दिवसांसाठी आहे. माझ्या तोंडून उत्तर मिळाल्यावर ती उठली, कुडाच्या पलीकडे तोंड करून शेजारणीला हाक मारली आणि म्हणाली, ‘‘माय वं, उद्यापासून भाकरी अजून लवकर टाकत जा. नावेचं काही खरं नाही आता.’’